बंद पडलेली बोट ओढताना

इंजिन बंद पडलेली बोट आणि बुडणारी बोट यांत बरेच अंतर असते. हे अंतर अनेकदा मिटवते ती मदतीला धावून आलेली, घाईने दोर बांधून ओढू लागलेली दुसरी बोट. तरंगत राहिलेल्या बोटीतली माणसे बहुधा सुरक्षित असतात. धोका सुरू होतो तो दोराला ताण बसल्यावर. म्हणूनच हे काम नीट समजून घ्यावे असे आहे, आणि शिराळ्याच्या वाचकाला तर त्याचे कारणही जवळचे आहे.

तालुक्याच्या पश्चिम टोकाला चांदोली धरणाचा वसंतसागर आहे, ३४.४० टीएमसीचा. त्याच्या उत्तरेला, सह्याद्रीच्या त्याच रांगेत, कोयनेचा शिवसागर, १०५ टीएमसीचा. चांदोली आणि कोयनेची जंगले मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वसंतसागराच्या भोवती राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे तिथला वावर मोजका. पण शिवसागरावर तापोळा आणि बामणोलीला पर्यटकांच्या बोटी सतत चालू असतात. वासोट्याला जाणारे ट्रेकर बामणोलीहून साधारण दीड तासाचा पाण्यातला प्रवास करतात. दोन्ही बाजूंना जंगल, मोबाइलला रेंज कुठे असते कुठे नसते. अशा ठिकाणी इंजिन बंद पडले की मदतीला येणार ती मागून येणारी दुसरी पर्यटक बोटच. समुद्रात तटरक्षक दल आहे, बंदरात जहाजे ओढणारे टग आहेत. धरणाच्या पाण्यावर टगही आपणच.

शिवाय खाली वारणा आहे. शिराळा तालुक्याच्या दक्षिण हद्दीवरून वाहत ती हरिपूरला कृष्णेला मिळते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत काठच्या गावकऱ्यांनी बोटी पाहिल्या, ते त्यांत बसले, काहींनी चालवल्याही. नदीकाठच्या अनेक गावांत आज ग्रामपंचायतीकडे यांत्रिक बोट असते. पर्यटनाच्या बोटीला लागू पडणारे बहुतेक नियम या बोटीलाही लागू पडतात, फक्त पुरात चुकीला जागा उरत नाही.

आधी इंजिन का बंद पडते ते पाहू, कारण निम्म्या वेळा ओढण्याची गरजच टाळता येते. पेट्रोल संपणे, टाकीत पाणी किंवा कचरा जाणे, पंख्यात मासेमारीचे जाळे किंवा पाणवनस्पती अडकणे ही नेहमीची कारणे. धरणाच्या पाण्यात आणखी एक भर पडते. शिवसागराखाली बुडालेली शेते, बांध आणि झाडांचे बुंधे आहेत; उन्हाळ्यात पाणी उतरले की कालपर्यंत खोल असलेल्या जागी बुंधा अगदी पृष्ठभागाखाली येतो. पंखा त्यावर आदळला की बऱ्याच लहान आउटबोर्ड इंजिनांतली एक छोटी पिन मुद्दाम तुटते, जेणेकरून गिअर वाचावेत. इंजिन धडधडत राहते, पंखा मात्र फिरत नाही. अशी पिन, पक्कड आणि पाना बोटीत असेल तर काम तिथेच दहा मिनिटांत होते. जाळे अडकले असेल तर इंजिन बंद करून, किल्ली काढून, मगच पंखा वर उचलून जाळे कापावे. हे करताना बोटीतल्या सगळ्यांनी मागे गर्दी करून पाहायची हौस आवरावी. लहान बोट अशाच वेळी मागच्या बाजूने पाणी घेते.

दुरुस्ती जमली नाही तर? तेव्हाही पहिला प्रश्न ‘कोण ओढेल’ हा नसतो, ‘आपण कुठे वाहत चाललो आहोत’ हा असतो. छत असलेल्या बोटीला वारा किती ढकलतो याचा हिशेब करून पाहा. ताशी ४० किलोमीटरचा वारा उभ्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे साडेसात किलोचा जोर लावतो. कडेने सहा चौरस मीटर दिसणारी बोट म्हणजे ४५ किलोचा धक्का, सततचा. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे १८० किलो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे वादळ उठते तेव्हा हा बदल काही मिनिटांत होतो. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तिथे इंजिनाचा प्रश्न नव्हता, वाऱ्याचा होता. बंद बोटीला तर वाऱ्याकडे तोंड करून राहण्याचीही सोय नसते; ती हळूहळू वाऱ्याला आडवी होते आणि लाटा कडेवर घेते.

यावर इलाज नांगराचा, पण तो धरणात फसवा आहे. नांगर धरायचा तर दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट लांब लागतो. कोयना धरणाची उंचीच १०३ मीटर. जलाशयाच्या खोल भागात इतका दोर कुठल्या पर्यटक बोटीत असतो? म्हणून नांगर काठाजवळ उपयोगी, मध्यभागी नाही. मध्यभागी उपयोगी ती वल्ही. इंजिनाच्या बोटीत वल्ही ठेवणे कमीपणाचे वाटते अशी एक विचित्र समजूत आहे. ती सोडून द्यावी. दोन वल्ह्यांनी बोट काठाला नेता येईलच असे नाही, पण तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याकडे वळवून धरता येते, आणि मदत येईपर्यंत तेवढेच पुरते.

आता ओढण्याकडे. घाटात बंद पडलेली जीप ट्रॅक्टरला दोर बांधून आणणे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बोटीच्या बाबतीत लोक तीच पद्धत वापरायला जातात. जीपमध्ये ड्रायव्हर बसलेला असतो, त्याच्या पायाखाली ब्रेक असतो, चाकांना रस्त्याची पकड असते. बोटीला यांपैकी काहीच नाही. ट्रॅक्टर थांबला की जीप थांबवता येते. पुढची बोट थांबली की मागची तशीच येत राहते आणि तिच्या पिछाडीवर, म्हणजे नेमकी इंजिनावर आणि तिथे उभ्या माणसांवर आदळते.

जवळ येण्याची पद्धत शांतपणाची हवी. ओढणाऱ्या बोटीने आपली नाळ वाऱ्याकडे ठेवून, अगदी हळू, एक-दीड बोटीचे अंतर राखून बंद बोटीच्या पुढून जावे. हाताने हात धरायला जवळ जाऊ नये. दोन बोटींच्या मधे बोटे चिरडणे हा या कामातला नेहमीचा अपघात. जाड दोर थेट फेकला तर निम्मा पाण्यात पडतो. त्याऐवजी बारीक दोरी आधी फेकावी, तिच्या टोकाला थोडे पाणी भरलेली प्लास्टिकची बाटली बांधावी, आणि बारीक दोरी हातात आली की तिच्यामागून जाड दोर ओढून घ्यावा. फेकण्याच्या क्षणी इंजिन न्यूट्रलमध्ये. पाण्यात ढिला पडलेला दोर पंख्यात गेला की एकाच्या जागी दोन बंद बोटी होतात, आणि तिसरी बोट धरणावर असेलच याची खात्री नसते.

दोर कोणता, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. शेतीच्या दुकानात मिळणारा निळा-पिवळा पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, हा त्याचा गुण. पंख्यात जाण्याचा धोका त्यामुळे दिसतो तरी. पण तो उन्हाने कुजतो, आणि एक-दोन वर्षे छतावर पडलेला असा दोर दिसायला जाड असला तरी विश्वासाचा नसतो. नायलॉन जास्त मजबूत आणि ताणला जाणारा. धक्का सोसतो म्हणून ओढायला तोच चांगला. मात्र तो पाण्यात बुडतो, आणि ओला झाल्यावर त्याची ताकद साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. कोणत्याही दोराला गाठ मारली की गाठीपाशी त्याची ताकद एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी होते. म्हणजे दुकानदाराने सांगितलेला आकडा पाण्यावर निम्माच धरायचा.

नायलॉनचा गुण हाच त्याचा दोषही आहे. ताणलेला दोर ताकद साठवून ठेवतो. तो तुटला, किंवा त्याहून वाईट म्हणजे ज्या कड्याला बांधला तेच उपटून आले, तर ते कडे दोरासकट परत येते, आणि त्याच्या वाटेत माणूस असेल तर हाड मोडते, डोळा जातो, जीवही जातो. म्हणून ताण बसल्यावर दोराच्या रेषेत, दोन्ही बाजूंना, कुणी उभे राहायचे नाही. मोबाइलवर चित्रीकरण करायला लोक नेमके तिथेच येतात. त्यांना बसवणे हे नावाड्याचे काम आहे, आणि तेव्हा आवाज चढवावा लागला तर चढवावा.

बांधायचे कुठे? फायबरच्या बोटीत दिसायला पक्के असलेले बरेच खुंटे नुसत्या स्क्रूवर बसवलेले असतात. रेलिंग, बाके, छताचे पाइप यांना कधीच बांधू नये. बोट ट्रेलरवर चढवण्यासाठी नाळेच्या खालच्या बाजूला असलेले जाड कडे हेच बहुधा सगळ्यांत मजबूत ठिकाण, आणि खाली असल्यामुळे ओढताना नाळ वर उचलली जाते, पाण्यात घुसत नाही. ओढणाऱ्या बोटीत एकाच कोपऱ्याला दोर बांधला तर ती त्या बाजूला सतत वळत राहते. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना बांधलेल्या दोराचा इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार करून त्याच्या मध्यातून ओढावे, म्हणजे ताण वाटला जातो. आणि काहीही झाले तरी दोर असा बांधावा की ताणाखालीही सोडता येईल. जवळ विळा किंवा दातेरी सुरी उघडी ठेवावी. दोर हाताला गुंडाळणे हा वेडेपणा आहे. ट्रॅक्टर-बैलाच्या सवयीने अनुभवी माणसेही ते करतात.

दोर सोडता येण्याचा हा आग्रह का, याचे उत्तर मोठ्या टगच्या इतिहासात आहे. १९ डिसेंबर २००७ रोजी स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीत दाट धुक्यात ‘फ्लाइंग फँटम’ नावाचा टग एका मालवाहू जहाजाला दोर लावून चालला होता. जहाज आणि टग यांची दिशा जुळेना, दोर टगच्या कडेला आला, आणि आडव्या ओढीने टग काही क्षणांत पालथा झाला. चारांपैकी तिघे बुडाले. दोर तातडीने सोडण्याची यंत्रणा होती, पण ती वेळेत उपयोगी पडली नाही. लहान बोटीत हे अधिक सहज घडते. दोर सरळ मागे आहे तोवर ओढणारी बोट स्थिर. तो नव्वद अंशात कडेला आला की तीच उलटण्याच्या बेतात. म्हणून वळण नेहमी मोठे घ्यायचे, आणि मागची बोट कडेला सरकताना दिसली की वेग कमी करून तिला पुन्हा रेषेत येऊ द्यायचे.

मागची बोट अशी डावी-उजवीकडे का झुलते? मुख्यत्वे वजन पुढे असल्यामुळे. नाळ पाण्यात रुतते, मागचा भाग हलका होतो, आणि बोट जणू नाळेवर फिरू लागते. प्रवाशांना आणि सामानाला मागे सरकवले की झुलणे बरेच थांबते. पाणी खोल असेल तर इंजिनाचा पाय सरळ खाली सोडावा, तो सुकाणूसारखा काम करतो. तरीही थांबले नाही तर मागे दोरीने एक बादली सोडावी. ओढ थोडी वाढते, पण बोट रेषेत राहते. आपल्या भागात पुराच्या पाण्यात गुळाच्या काहिलीतून माणसे ने-आण केल्याचे जुनी माणसे सांगतात. काहिलीला नाळही नाही आणि पिछाडीही नाही. तिला दोर लावून ओढली की ती गरगर फिरणार, हे ज्याने पाहिले त्याला बोटीचे झुलणे वेगळे समजवावे लागत नाही.

वेगाबाबत मात्र कुणी ऐकत नाही. चालती बोट एका ठरावीक वेगाला स्वतःच्या लांबीएवढी लाट पाण्यात उभी करते; त्यापुढचा वेग हवा असेल तर तिला त्या लाटेच्या चढावर चढवावे लागते, आणि ओढ एकदम वाढते. पाच मीटरच्या बोटीसाठी ही मर्यादा ताशी सुमारे १० किलोमीटरची, आठ मीटरच्या बोटीसाठी साडेबाराच्या आसपास. ओढताना त्याच्या निम्म्यावर राहणे शहाणपणाचे. त्या मर्यादेहून जोरात ओढली तर मागच्या बोटीची पिछाडी खाली बसते आणि तिथून पाणी आत येते. शिवाय वेग दुप्पट झाला की तिच्या धावेतली ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक तर नाहीच. इंजिनाची ताकद हा इथे प्रश्न नसतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये सेशेल्सजवळ आग लागून ‘कोस्टा अलेग्रा’ हे हजाराहून अधिक माणसे असलेले प्रवासी जहाज निकामी झाले, तेव्हा त्याला माहे बेटापर्यंत आणले ते टुना पकडणाऱ्या एका फ्रेंच मासेमारी बोटीने. सावकाश, दिवस घालवून, पण आणले.

उलट उदाहरण मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. जून २०११ मध्ये ‘विस्डम’ हे मालवाहू जहाज कोलंबोहून अलंगला तोडण्यासाठी ओढून नेले जात होते. पावसाळी समुद्रात दोर तुटला आणि जहाज वाहत येऊन जुहूच्या किनाऱ्यावर रुतले. ते पाहायला किती गर्दी झाली होती! धक्क्यांनी दोर तुटतो, हेच त्यातले मूळ. लाटेत एक बोट चढावर आणि दुसरी उतारावर असेल तर दोर कधी ढिला पडतो, कधी कडकडून ताणला जातो, आणि प्रत्येक झटका इंजिनाच्या ओढीच्या कितीतरी पट असतो. दोन्ही बोटी एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर येतील इतका दोर लांब सोडला की हा झटका जातो. शांत पाण्यात बोटीच्या तीन-चार पट लांबी पुरते. वारा उठला की अजून सोडावा. मध्यभागी दोर थोडा पाण्याकडे झुकलेला दिसला पाहिजे. तारेसारखा ताठ दिसत असेल तर वेग जास्त आहे.

उतरण्याचा धक्का जवळ आला की लांब दोर अडचणीचा होतो. मग वेग हळूहळू उतरवून दोर आखडायचा, किंवा पाणी शांत असेल तर दोन्ही बोटी शेजारी-शेजारी बांधायच्या, मधे जुने टायर टाकून. यात एक गोष्ट हमखास चुकते. ओढणाऱ्या बोटीची पिछाडी दुसरीच्या मागे थोडी बाहेर राहायला हवी, नाहीतर पंख्याला मोकळे पाणी मिळत नाही आणि जोडी वळतच नाही. लाटांत मात्र हा प्रकार करू नये. दोन्ही बोटी एकमेकींना ठोकून फुटतात.

माणसांचे काय? पाणी शांत आणि दुसऱ्या बोटीत जागा असेल तर प्रवासी तिकडे घ्यावेत, एकेक करून, आणि बंद बोटीत एकच जाणता माणूस ठेवावा. लाटा असतील तर बोट बदलणे हेच अधिक धोक्याचे. कुठेही असोत, लाइफ जॅकेट अंगात आणि बंद लावलेले. बाकाखाली ठेवलेले जॅकेट नसल्यासारखेच. आणि मदतीची बोट क्षमतेबाहेर भरायची नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. सांगली जिल्ह्याला बोटीतल्या गर्दीबद्दल आणखी काही सांगण्याची गरज नाही. बोट धोक्यात आली तर तिला सोडून द्यावे. समुद्री कायद्यातही माणसाचा जीव वाचवणे हे बंधन आहे. जहाज वाचवणे हा मोबदल्याचा व्यवहार.

पुरात तर बोट ओढण्याचा विचार शेवटचा. वाहत्या पाण्यात वेगाचा हिशेब फसवतो. प्रवाह ताशी आठ किलोमीटरचा आणि तुम्ही पाण्यातून दहाच्या वेगाने वर चालला असाल, तर काठावरच्या माणसाला तुम्ही दोनच्या वेगाने रांगताना दिसता. दोराला आणि बोटीला मात्र पूर्ण दहाचा मार बसतो. प्रवाहाबरोबर खाली ओढत नेणे त्याहून वाईट, कारण मागची बोट पुढच्या बोटीला गाठते. आणि वारणेवर जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यात त्यांचे पाणी अडवणारे बरगे काढलेले असतात, पाणी खांबांमधून जोरात जाते, आणि आडवी आलेली बोट खांबांवर दाबली जाते. तिथून ती हातांनी सुटत नाही. बंधारा खाली असेल तर बोट वाचवायची नाही, माणसे काठाला लावायची.

२०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने नद्या आणि जलाशयांतल्या यांत्रिक बोटींना नोंदणी आणि तपासणीचे प्रमाणपत्र बंधनकारक केले आहे. बोटीत बसण्याआधी प्रवाशाने ते जरूर विचारावे. मी त्याबरोबर आणखी तीन वस्तू पाहायला सांगेन: वल्ही, चाळीस-पन्नास मीटर चांगला दोर, आणि तो कापायला धारदार काहीतरी. किनाऱ्यावर कुणाला तरी परतीची वेळ सांगून निघावे. अडचणीत रेंज मिळाली तर ११२ आहे.

तापोळा-बामणोलीच्या बोट चालकांना आणि वारणाकाठच्या ग्रामपंचायतींना एक विनंती आहे. दरवर्षी वळीव येण्याआधी एखाद्या शांत सकाळी, आपल्याच दोन बोटी घेऊन एकीने दुसरीला धक्क्यापर्यंत ओढून आणण्याचा सराव करा. दोर कुठे बांधायचा, कुणी सोडायचा, हुकूम कुणाचा, हे त्या सकाळी ठरवून घ्या.